घरच्या घरी पाणवनस्पतींचा बाउल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेचा एक बाउल, तळाला माती, त्यावर वाळू, भरपूर वनस्पती आणि वर एक साधा एलईडी दिवा. फिल्टर, हीटर आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय चालणाऱ्या या पाणबागेबद्दल लोक नेहमी जे विचारतात, त्याची ही उत्तरं. माशांचा प्रश्न मुद्दाम बराच खाली ठेवला आहे. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथंच फसतात.

फिल्टर नसेल तर पाणी सडत कसं नाही?

फिल्टरचं खरं काम कचरा गाळण्यापेक्षा जिवाणूंना राहायला जागा देण्याचं असतं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी असतं. हे जिवाणू वाळूच्या कणांवर, पानांवर, काचेवर कुठंही वस्ती करतात. त्यांच्यासाठी मोटर लावायलाच हवी असं नाही.

शिवाय वाढत्या वनस्पती अमोनिया थेट खतासारखा शोषून घेतात. दुसरीकडे मातीतले सेंद्रिय पदार्थ हळूहळू कुजताना कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो वनस्पतींना मिळतो, म्हणून सिलिंडर लागत नाही. मातीवर टाकी उभी करण्याची ही रीत डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंमुळे जगभर पोचली आणि शौकीन मंडळींत त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

अट एकच : वनस्पती खूप आणि प्राणी अगदी थोडे. हे उलटं झालं की पाणी सडतं.

बाउल केवढा घ्यावा?

मिळेल तेवढा मोठा आणि रुंद तोंडाचा. आतून ३० सेंमी व्यासाचा गोल बाउल काठोकाठ भरला तर साधारण १४ लिटर पाणी मावतं. माती-वाळूची जागा आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्षात ९-१० लिटर. नवशिक्यानं याच्या खाली जाऊ नये. पाणी कमी असलं की तापमान झपाट्यानं चढतं-उतरतं आणि खाण्याचा एक जास्तीचा दाणाही महागात पडतो. दुकानात टेबलावर शोभेला ठेवतात ते दोन-अडीच लिटरचे बाउल फुलं तरंगत ठेवायला छान आहेत, तेवढंच.

निमुळत्या तोंडाचा नको. हात आत जात नाही आणि हवेशी संपर्क येणारा पाण्याचा पृष्ठभागही कमी राहतो. खरं सांगायचं तर चौकोनी टाकी सगळ्याच दृष्टीनं सोयीची. पण बाउलचं रूप वेगळं असतं, ते मान्य.

घरात ठेवायचा कुठं?

थेट ऊन येईल अशा खिडकीत अजिबात नाही. शेवाळ माजेल हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर : पाण्यानं भरलेला गोल बाउल भिंगाचं काम करतो. ऊन एका बिंदूवर गोळा होऊन पडदा किंवा टेबलक्लॉथ पेटू शकतो, आणि अशा आगी लागलेल्या आहेत. उजेडाची पण ऊन न पडणारी जागा, उत्तरेकडची खिडकी किंवा खोलीचा आतला कोपरा बरा.

भरलेल्या बाउलचं वजन १५ किलोच्या घरात जातं, त्यामुळे स्टूल डगमगता नको. खाली फोमची चटई किंवा थर्माकोलचा पातळ तुकडा ठेवा. एकदा भरलेला बाउल उचलायचा नाही. स्वयंपाकघर टाळा, तिथं फोडणीचा तेलकट धूर पाण्यावर तवंग धरतो.

माती कुठली वापरू? कुंडीतली चालेल का?

खत न घातलेली साधी बागेची माती उत्तम. नर्सरीतल्या तयार मिश्रणात बहुधा शेणखत, निंबोळी पेंड, कोकोपीट, कधी दाणेदार रासायनिक खतही असतं. शेणखतानं आणि रासायनिक खतानं अमोनिया भडकतो, निंबोळी पेंड श्रिंपच्या, म्हणजे पुढे बाउलमध्ये सोडायच्या इवल्या कोळंबीच्या, जिवावर उठते आणि कोकोपीट तरंगत वर येतं.

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मंडळींना तांबडी माती दारात मिळते, ती घ्या. तिच्यात लोह भरपूर असतं, वनस्पतींना ते हवंच असतं. देशावरची काळी माती जरा अवघड. ती पाण्यात फुगते, अतिशय बारीक असते आणि एकदा ढवळली की पाणी दिवसचे दिवस गढूळ राहतं. काळीशिवाय पर्याय नसेल तर थर पातळ ठेवा, वर वाळू जास्त घाला आणि नंतर झाडं उपटायचा मोह आवरा. ज्या शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलंय तिथली माती कितीही चांगली दिसो, नको.

माती वाळवून मैद्याच्या नव्हे, रव्याच्या चाळणीनं चाळा, काड्या-मुळ्या काढा. मग बादलीत पाणी घालून ढवळा, वर तरंगलेलं ओतून द्या. दोन-तीन वेळा असं केलं की कुजणारा बराच भाग निघून जातो. मूठभर गांडूळखत मिसळलं तरी चालतं, पण मूठभरच. थर मध्यभागी दोन ते अडीच सेंमी, त्याहून जाड नको. जाड थरात हवा पोचत नाही आणि खाली सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साठतो.

आणि वर काय? रंगीत खडे?

रंगीत खडे नकोत. काहींचा रंग सुटतो, आणि न सुटला तरी डोळ्यांना त्रासच. दोन-तीन मिलिमीटर दाण्याची नदीची वाळू किंवा दुकानातलं साधं बारीक ग्रॅव्हल, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, अडीच-तीन सेंमी. माती वर न येऊ देणं एवढंच तिचं काम. समुद्राची वाळू, शिंपले आणि संगमरवराचे तुकडे टाळा, त्यांनी पाणी जड होतं. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा : फेस आला तर त्यात चुना आहे. आपला काळा बेसॉल्ट या परीक्षेत सहसा पास होतो आणि दिसतोही देखणा.

पाणी नळाचं, बोअरचं की आरओचं?

नळाचं. त्यातला क्लोरीन घालवण्यासाठी बादलीत २४ तास उघडं ठेवा, किंवा माशांच्या दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब टाका. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा दोन्ही करा. टँकरच्या पाण्यात कधी किती क्लोरीन असेल याचा भरवसा नसतो, तिथं थेंब हवेतच. अमेरिकेतल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की तिथल्या अनेक शहरांत क्लोरामाइन वापरतात. ते नुसतं ठेवून उडत नाही, त्यामुळे थेंबांना पर्याय नाही.

बोअरचं पाणी जड असतं. वनस्पतींपैकी वॅलिसनेरियाला ते मानवतं, गोगलगायींची कवचंही त्यात छान होतात. पण अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून अशा ठिकाणी प्राणी सोडायची घाई आणखीच कमी करायची. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे उरतात, श्रिंपला कवचासाठी कॅल्शियम मिळत नाही. बोअरचं फारच जड असेल तर अर्धं-अर्धं मिसळा. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून निघणारं टाकाऊ पाणी मात्र नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. तांब्याच्या कळशीतलंही नको. तांबं श्रिंपना फार लवकर बाधतं.

वनस्पती कोणत्या लावू?

तीन प्रकारच्या, आणि पहिल्याच दिवशी भरगच्च. तळाचा निम्म्याहून जास्त भाग हिरवा दिसायला हवा. दोन काड्या लावून ‘वाढतील हळूहळू’ म्हणाल तर आधी शेवाळ वाढेल.

पहिल्या भरभर वाढणाऱ्या : हायड्रिला, हॉर्नवर्ट, वॅलिसनेरिया, हायग्रोफिला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नरसाळ्याखाली ठेवून प्रकाशसंश्लेषणाचे बुडबुडे दाखवतात तीच ही हायड्रिला. शौकीन लोक तिला हलक्यात घेतात, पण सुरुवातीच्या दिवसांत अमोनिया खेचण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. नंतर हवं तर काढून टाका.

दुसऱ्या सावकाश वाढणाऱ्या : क्रिप्टोकोरिन, अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस. कमी उजेडात टिकतात आणि बाउलला खरं रूप यांनीच येतं. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं जाडसर खोड मातीत पुरायचं नाही, कुजतं. काळ्या दोऱ्यानं दगडाला किंवा लाकडाला बांधा.

तिसऱ्या तरंगणाऱ्या : साल्व्हिनिया किंवा पिस्टिया. उजेड गाळतात, नायट्रेट ओढतात. वाढल्या की निम्म्या काढायच्या. जलपर्णी मात्र आणू नका. पंचगंगेत किंवा मुळा-मुठेत ती काय करते ते आपण बघतोच.

एक देशी सुचवणी : नर्सरीत मिळणारी ब्राह्मी, म्हणजे बॅकोपा. पाण्याखाली जगते, सावकाश सरळ वर जाते. नर्सरीतून आणलेली कुठलीही वनस्पती आधी आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा आणि दोन-तीनदा पाणी बदला, म्हणजे फवारलेलं औषध निघून जाईल.

ओढ्यातून, तळ्यातून उपटून आणू नका. तुमच्या बाजूनं बघितलं तर सोबत जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि त्या अळ्या श्रिंप फस्त करतात. निसर्गाच्या बाजूनं बघितलं तर सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या क्रिप्टोकोरिन आणि रोटालाच्या काही जाती मोजक्याच ठिकाणी उगवतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आणि कुर्ल्याच्या माशांच्या दुकानांत यातलं बहुतेक सगळं मिळतं. गावाकडे कुरियरनं मागवता येतं, पण भर मे महिन्यात मागवू नका.

लावायची पद्धत काय?

माती घाला आणि चिखल होईल इतपत भिजवा. वर वाळू पसरा. वाळूच्या वर बोटभर पाणी आलं की थांबा आणि लावणी इथंच करून घ्या. बाउल भरल्यावर लावायला गेलात तर हात बुडाल्याबरोबर पाणी काठावरून सांडतं आणि झाडं तरंगून वर येतात.

लांब चिमटा घ्या. रोपाची मुळं दोन-तीन सेंमी ठेवून कात्रीनं छाटा. मुळाचं टोक चिमट्यात धरून तिरकं खुपसा, चिमटा किंचित उघडा, थोडा हलवत बाहेर काढा. सरळ वर ओढला तर रोप चिमट्याबरोबरच येतं. प्रत्येक काडी सुटी लावा, जुडगा लावला तर मधल्या काड्या कुजतात.

मग वाळूवर एक बशी ठेवा आणि त्या बशीत बारीक धारेनं पाणी ओता. बशी काढताना तिरकी करून अलगद. एवढं केलं तर पाणी पहिल्याच दिवशी आरपार दिसतं.

दिवा किती वेळ?

९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब, ६५०० केल्विनचा, टेबललँपमध्ये, पाण्यापासून वीतभर वर. रोज सात-आठ तास. टायमरचा प्लग घ्या, रोज कोणाच्याच लक्षात राहत नाही.

हे तास तोडून दिले तर आणखी बरं : सकाळी चार, संध्याकाळी चार. दिवा चालू असताना वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवतात, मधल्या वेळात मातीतून तो पुन्हा साठतो. थोडक्यात, पुण्यातल्या जुन्या दुकानांसारखं दुपारी १ ते ४ बंद. संध्याकाळी घरी आल्यावर बाउल उजळलेला दिसतो, हा वरचा फायदा.

दहा दिवस झाले. पानं वितळताहेत, पाणी दुधाळ आहे, लाकडावर पांढरी बुरशी आली आहे. फेकून देऊ का?

नको! हे सगळं अपेक्षितच आहे.

क्रिप्टोकोरिन जागा बदलली की पानं टाकते. पान आधी पारदर्शक होतं, मग हात लावला की विरघळतं. मूळ शाबूत असतं आणि तीन-चार आठवड्यांत नवी पानं फुटतात. दुकानातली बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यांचीही जुनी पानं जातात आणि पाण्यातली नवी येतात. गळलेलं काढत राहा, तिथंच कुजू देऊ नका.

दुधाळ पाणी म्हणजे जिवाणूंची पहिली लाट, आपोआप बसते. लाकडावरची पांढरी साय निरुपद्रवी असते, पुढे श्रिंप तीही खातात. वाळूतून बुडबुडे येत असतील तर आठवड्यातून एकदा खराट्याच्या हिरानं थर चार-पाच ठिकाणी हलकेच टोचा. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोनदा एक-तृतीयांश पाणी बदला.

हिरवं शेवाळ दिसलं तर दिव्याचे तास दोनानं कमी करा आणि हायड्रिला वाढवा. शेवाळ मारायचं औषध घालू नका. अशा अनेक औषधांत तांबं असतं.

मग मासे कधी सोडू?

चार ते सहा आठवडे थांबा. चाचणी किट असेल तर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला हवेत. नसेल तर खूण अशी : नवी पानं फुटताहेत, पाणी स्वच्छ आहे, वास ओल्या मातीचा येतो.

आता कोणते, ते. गोल्डफिश नाही. बाउलमधला गोल्डफिश आपण जाहिरातींत, सिनेमांत इतका पाहिलाय की त्यात काही वावगं वाटत नाही. पण तो वीतभर वाढणारा आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगणारा मासा आहे. खातो भरपूर, घाण तेवढीच करतो आणि वनस्पतीही कुरतडतो. बाउलमध्ये तो ‘आठवडाभरच टिकतो’ असं लोक म्हणतात, त्याचं कारण हेच.

फायटर म्हणजे बेटा हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानदार तो ग्लासातही ठेवून विकतात. श्वास घेता येणं वेगळं आणि सुखानं जगणं वेगळं. १५-२० लिटरचा बाउल असेल, वर जाळी असेल, तर एकच बेटा ठेवा. ९-१० लिटरमध्ये माझा सल्ला : मासा नकोच.

त्याऐवजी चेरी श्रिंप. आपल्या कोळंबीचीच भावकी, पण बोटाच्या पेराएवढी आणि लालचुटूक. पाच-सहा सोडा. दिवसभर पानांवरून चरत असतात, शेवाळ खातात आणि जमलं तर स्वतःच वाढतात. मादीच्या पोटाखाली अंड्यांचा पुंजका दिसला की साधारण महिन्याभरात पिल्लं, आकारानं तिळाहून लहान. दुकानाच्या पिशवीतून थेट ओतू नका. वाटीत घेऊन त्यात बाउलमधलं पाणी थेंब-थेंब मिसळत तासभर लावा, मग सोडा.

निवाऱ्याला नारळाची करवंटी घासून, उकळून पालथी घाला. देशी बदामाचं गळून पडलेलं, पूर्ण वाळलेलं एक पानही टाका. पाण्याला चहाचा हलका रंग येतो, पानावर सूक्ष्म जीवांचा थर धरतो आणि श्रिंप त्या पानाची शिरा तेवढी शिल्लक ठेवतात.

एक श्रिंप मेलेला दिसतोय, पांढरा, पारदर्शक. पण मोजले तर सगळे आहेत!

ती कात आहे. मिशा, पाय, शेपटीचा पंखा, अगदी डोळ्यांच्या जागेसकट पूर्ण कवच मागं राहतं आणि पाठीवर आडवी फट दिसते. काढू नका, बाकीचे ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. खरा मेलेला श्रिंप पारदर्शक नसतो, गुलाबी-अपारदर्शक होतो.

डास होणार नाहीत का?

होतील, तुम्ही काही केलं नाही तर. डेंगीचा एडिस डास नेमका अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मासा असेल तर तो अळ्या टिपतो. श्रिंपवर या बाबतीत विसंबू नका.

आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळा असं पालिका सांगते, पण हा बाउल काही कोरडा करता येत नाही. म्हणून तोंडावर मच्छरदाणीचं कापड ताणून रबरबँड लावा, फट राहू देऊ नका. दर चार दिवसांनी उजेडात बघा, वळवळ दिसली तर चहाच्या गाळणीनं काढा. मुंबई-पुण्यात पालिकेची माणसं घरात येऊन तपासतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस देतात. ‘ही इकोसिस्टिम आहे हो’ हे उत्तर चालत नाही.

डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे याचा काही त्रास?

मोठा. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माशांना आणि त्याहून श्रिंपना अत्यंत विषारी असतात. काल ठणठणीत असलेले सगळे श्रिंप सकाळी एकदम उलटे पडले, तर आधी रात्री घरात काय फवारलं ते आठवा. बाउलच्या खोलीत मशीन लावू नका, मच्छरदाणी वापरा. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर बाउल प्लॅस्टिकनं झाका आणि खोली नीट हवेशीर झाल्यावरच उघडा. हात घालण्याआधी हातावर साबण, क्रीम, ओडोमॉस काही नको.

नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात टिकेल?

वनस्पती बहुतेक टिकतात. प्राण्यांची काळजी. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो : २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. पाणी ३० च्या वर गेलं की श्रिंप सुस्तावतात.

बाउल जमिनीवर, आतल्या खोलीत हलवा (अर्थात आधी रिकामा करून, किंवा एप्रिलच्या आधीच तिथं मांडून). पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्या, बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. दिवा रात्री लावा. बर्फाचे खडे टाकू नका, एकदम थंड झालं की तेही मारक. कूलरच्या खोलीत असेल तर उत्तमच.

रोजचं काम किती?

जवळपास नाही. उडालेल्या पाण्याची भर क्लोरीन घालवलेल्या पाण्यानं घाला. पहिल्या दोन महिन्यांनंतर पंधरा दिवसांनी पाव भाग पाणी बारीक नळीनं काढा आणि बदला. काच जुन्या ब्रशनं किंवा स्पंजनं पुसा, साबण कधीच नाही. वाढलेलं छाटा. तेलकट तवंग आला तर टिश्यूपेपर पाण्यावर पसरून उचला. सगळं रिकामं करून ‘स्वच्छ’ धुण्याची हौस मात्र आवरा, त्यात जिवाणू जातात.

खाणं श्रिंपना आठवड्यातून दोनदा, उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा.

न आणता गोगलगायी आल्या!

पानाला चिकटून अंडी येतात. त्रास नाही, शेवाळ आणि कुजकं खातात. फारच झाल्या तर समजा तुम्ही खाणं जास्त घालताय.

गणपतीला दहा दिवस गावी जायचंय.

खुशाल जा. निघण्याआधी पाणी बदला, काठापर्यंत भर घाला, टायमर सहा तासांवर आणा, जाळी तपासा. शेजाऱ्यांना ‘थोडं खायला घाला’ असं सांगू नका. ते प्रेमानं मूठभर घालतात.

लकी बांबू, मनी प्लांट लावले तर?

दोन्ही पाणवनस्पती नाहीत, पूर्ण बुडवल्या तर कुजतात. मनी प्लांटची फांदी काठावर अडकवून फक्त मुळं पाण्यात सोडा, नायट्रेट झकास ओढते. जाळीत तिच्यापुरतं भोक ठेवून भोवती कापूस लावा, नाहीतर डासांना तोच दरवाजा.

बाउल मोडायचा झाला तर?

श्रिंप आणि वनस्पती दुसऱ्या शौकिनाला किंवा दुकानाला द्या. माती आणि पाणी कुंडीत घाला, गुलाब खूश होतो. नदीत, तळ्यात, विहिरीत काहीही सोडू नका, ‘बिचारा जगेल तरी’ म्हणूनही नाही. टाक्यांची काच साफ करायला आणलेला सकर मासा असाच बाहेर पडला आणि आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. कुणालाच नको असलेल्या वनस्पती उन्हात कडकडीत वाळवा आणि मग ओल्या कचऱ्यात टाका.